तीन आंट्यांची स्प्रिंग

आमच्या मांगारिमूच्या खोऱ्यात शिरायला रस्ता एकच. समुद्राकडून तो चढायला लागतो, खिंडीत क्षणभर दम घेतो आणि मग डोंगराच्या अंगाला बिलगून वळणं घेत घेत आत उतरतो. कागदोपत्री तो कौन्सिलचा. आम्ही मात्र त्याला राविनियाचा रस्ता म्हणतो.

पारातेने घराण्यातली राविनिया ग्रेडर चालवते, म्हणजे पात्यानं रस्ता खरवडून सपाट करणारं यंत्र. ते पिवळं धूड पहाटे धुक्यातून यायला लागलं, की आधी आवाज येतो, मग दिवा दिसतो आणि मग काचेआड तिचा लाल रुमाल. समोरून गाडी आली, की ती चाकावरचं एक बोट उचलते. तेवढाच तिचा नमस्कार. मी कित्येक वर्षं शाळेची बस याच रस्त्यानं नेतो-आणतो, त्यातच म्हातारा झालो, आणि त्या एका बोटावरून तिचा मूड ओळखायला शिकलो. बोट सरळ असलं तर ठीक. अर्धंच उचललं तर खिंडीत दरड आलेली असायची.

तिचे वडील एरुएराही ग्रेडरच चालवायचे. वडिलांनी तिला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे रस्त्यावर उठलेल्या बारीक लाटा पात्याखाली कशा मारायच्या ते. दुसरी म्हणजे गाडी. १९७२ सालची होल्डन किंग्जवूड, लोण्याच्या रंगाची, पुढं-मागं सलग लांब बाकड्यासारख्या सीटा असलेली. वडील गेले तेव्हा ती लोकरीच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती आणि ती तिथं का होती, ते सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं.

एरुएरा तरुण असताना किनाऱ्यावरच्या सगळ्या तरण्यांना गाडी खाली बसलेली हवी असायची. जमिनीला पोट टेकेल इतकी. नव्या, आखूड स्प्रिंगा मागवायला कुणाकडे काय होतं? मग कुणी स्प्रिंगचे वेढे कापायचे, कुणी गॅसची बत्ती लावून स्प्रिंग लाल होईपर्यंत तापवायचे. तापली, की गाडीच्या वजनानं ती आपोआप बसायची. एरुएरानंही तापवली. गाडी देखणी दिसायला लागली. पण तापवलेल्या स्प्रिंगमधला जीव जातो. ती वळणावर अंग टाकायची, खड्ड्यातून निघाली की डुलत राहायची, आणि एकदा डुलायला लागली की थांबायचं विसरायची.

त्याच दिवसांत शाळेच्या नव्या हॉलचं उद्घाटन होतं. आमच्याकडे नवं घर उघडायचं ते पहाटे. दाराशी पहिली हाक एका बाईनं द्यायची, मेलेल्या-जित्या सगळ्यांना आवाज पोचेल अशी, आणि मग उंबरा तिनंच पहिला ओलांडायचा. तो मान नॅनी हुहानाचा; नॅनी म्हणजे आजी. तेव्हा ती अजून म्हातारी झाली नव्हती. तिचा आवाज असा होता, की टेकडीपलीकडची मेंढरं चरायची थांबत. एरुएरा तिचा पुतण्या. त्यानं किंग्जवूड धुतली, पुसली आणि तिला घेऊन निघाला.

नॅनीला गाडी लागली. खिंडीच्या अलीकडेच लागली, आणि हॉलपाशी उतरली तेव्हा ती चुन्यासारखी पांढरी पडली होती. तोंड उघडलं, पण हाक निघेना. शेजारच्या खाडीतली एक बाई पुढं आली आणि तिनं हाक दिली. चांगली दिली. पण ती आमची नव्हती.

कुणी एरुएराला बोललं नाही. कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं. त्यानं गाडी शेडमध्ये नेली, ताडपत्री टाकली आणि मरेपर्यंत काढली नाही. आणि नॅनी हुहाना त्यानंतर खिंड ओलांडून जाताना मांडीवर आइस्क्रीमचा रिकामा डबा घेतल्याशिवाय कुणाच्याच गाडीत बसली नाही.

आता आमच्या मरायवर नवं जेवणघर झालं. मराय म्हणजे आमचं सगळ्यांचं अंगण, जिथं आम्ही जन्म साजरे करतो आणि गेलेली माणसं निरोपाला ठेवतो, ते खिंडीच्या समुद्राकडच्या बाजूला आहे. नॅनीचं घर आत, खोऱ्याच्या टोकाला. नवरा घरामागच्या टेकडीवर पुरलेला, त्यामुळं ती परक्या अंथरुणात झोपत नाही. म्हणजे उद्घाटनाच्या पहाटे तिला खिंड ओलांडूनच यायला हवं.

कमिटीचा अध्यक्ष अंकल पिरिपी. भला माणूस, पण काळजीनं पोखरलेला. बैठकीत तो म्हणाला, "गिस्बर्नहून एक भाड्याची मोठी व्हॅन आणू. नवी कोरी. नॅनी आरामात येईल."

"त्या व्हॅनमध्ये चढायला शिडी लागते," नॅनी हुहाना म्हणाली. "मागच्या खेपेला दोघांनी मला लोकरीच्या गाठोड्यासारखी उचलून आत टाकली. आणि उंच गाडी जास्त हलते. झाडाच्या शेंड्यावर बसल्यासारखं होतं."

"मग काय करायचं, नॅनी?"

"मी काय सांगू? गाड्या तुमच्या."

तेव्हा मागच्या रांगेतून राविनिया उठली. ती बैठकीत सहसा उठत नाही. म्हणाली, "नॅनीला मी आणते. पप्पांच्या किंग्जवूडमधून."

कुणीतरी खुर्ची सरकवली. अंकल पिरिपी चष्मा काढून पुसत म्हणाला, "त्याच गाडीतून, राविनिया?"

"त्याच. पण त्या स्प्रिंगांवर नाही."

नॅनीनं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग नातीला हाक मारावी तसं म्हणाली, "मोको, तू रस्ता चांगला करतेस. गाडीचं बघू. पण मी डबा घेऊनच बसणार."

पिरिपीनं ठरवून टाकलं: उद्घाटनाआधी एकदा खिंडीतून जाऊन दाखवायचं. नॅनीला सोसलं तर ठीक. नाहीतर हाक द्यायला शेजारच्या खाडीतल्या बाईला सांगावा धाडायचा, म्हणजे ऐनवेळी लाज नको. 'लाज' हा शब्द त्यानं मुद्दाम वापरला नसेल. पण राविनियाची कानशिलं लाल झालेली मी पाहिली.

ताडपत्री निघाली ती रविवारी. उंदरांनी सीटची शिवण थोडी कुरतडली होती, बाकी गाडी होती तशी होती. राविनियानं पुढची चाकं उतरवली, स्प्रिंगला शिकंजा लावला आणि एक एक आटा फिरवत ती दाबत गेली. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये किती राग साठलेला असतो, ते तिला माहीत होतं. ती तिच्यासमोर कधी उभी राहिली नाही, नेहमी बाजूला. एरुएराची स्प्रिंग जमिनीवर आली तेव्हा आम्ही दोघांनी पाहिलं. दोन वेढे एकमेकांवर बसलेले, आणि पोलाद जिथं तापलं होतं तिथं अजून निळसर झाक.

"पप्पा," ती स्प्रिंगलाच म्हणाली, "दिसायला छान होतं हो."

मग ती माझ्याकडं वळली. "मी हिला उंच करणार नाहीये. गाडी खालीच राहणार. खाली असली की तोल खाली येतो, वळणावर कलंडत नाही. पप्पांची इच्छा बरोबर होती. करायची रीत चुकली."

सांध्यांतले रबरी बुश नवे घातले, धक्के झेलणारे शॉकअप नवे घातले. स्प्रिंगांसाठी तिनं ऑकलंडच्या बाजूच्या एका कारागिराला फोन लावला. तो मागणीप्रमाणं स्प्रिंगा वळून द्यायचा. मी शेडमध्येच होतो. तिनं फोन लोकरीच्या टेबलावर ठेवला होता, त्यामुळं दोन्ही बाजूचं ऐकू येत होतं.

"किती खाली हवी?" त्यानं विचारलं.

"चाक आणि पत्रा यांच्यामध्ये दोन बोटं."

"मागं ओझं काय असतं?"

"तीन आंट्या."

तो हसला. "म्हणजे किती वजन?"

"विचारून सांगते," राविनिया म्हणाली.

आणि इथंच घोटाळा झाला. नॅनी हुहाना कुठं एकटी जात नाही. तिच्याबरोबर तिघी असायच्याच: आंटी क्वीनी, आंटी मेरेआना आणि आंटी टिली. नॅनीनं हाक दिली, की मागून साथ द्यायला त्या. गाडीत नॅनी पुढं, त्या तिघी मागं. हे आकाशात सूर्य असल्याइतकं ठरलेलं. आता त्यांचं वजन विचारायचं कसं? लोकरीच्या शेडमध्ये काटा आहे, गाठोडी तोलायचा. पण आपल्या आईसारख्या बाईला लोकरीच्या काट्यावर उभं करायचं, हे आमच्याकडे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. म्हणून राविनियानं चहाच्या वेळी, अगदी सहज, विचारलं.

आंटी क्वीनीनं लगेच सांगितलं. आंटी मेरेआनानं थोडा विचार केला आणि क्वीनीपेक्षा थोडं कमी सांगितलं. आंटी टिली म्हणाली, "मला माझ्या लग्नातलं आठवतं. तेच लिही. मी फारशी बदलले नाही."

त्यांनी जे सांगितलं ते राविनियानं जसंच्या तसं फोनवर सांगितलं. आंटीनं सांगितलेलं आम्ही तपासत नाही.

स्प्रिंगा माझ्या बसमधूनच आल्या, शाळेच्या दप्तरांशेजारी, काळ्या रंगाच्या, चकचकीत. त्या बसवल्यावर किंग्जवूड शेडबाहेर आली, तेव्हा मेंढरं हाकणारेसुद्धा थांबले. पुढं-मागं एका रेषेत, जमिनीशी समांतर, जणू कुणी पाणसळ लावून ठेवली होती. एकट्या राविनियानं ती खिंडीतून नेली आणि आणली. मी शेजारी बसलो होतो. वळणं आली आणि गेली. माझ्या हातातला चहा कपाच्या कडेपर्यंत गेला नाही.

"हं," ती म्हणाली. तिच्याकडून एवढं मिळणं म्हणजे खूप.

मग चाचणीचा दिवस. नॅनी पुढं, डबा मांडीवर. तिघी मागं, मांडीला मांडी लावून. मी माझ्या पिकअपमधून मागं.

गाडी निघाली तेव्हाच मला दिसलं. मागची चाकं पत्र्याच्या आत गेली होती. दोन बोटं सोडा, कागद शिरला नसता. पहिल्या वळणापर्यंत बरं चाललं. मग रस्त्यावरचा लहानसा उंचवटा आला आणि मागून ठक् असा आवाज आला, रबरी बफरवर पोलाद आदळल्याचा. पुन्हा ठक्. खिंडीपर्यंत तो आवाज सोबत होता. उतारावर गाडी थांबली, दार उघडलं, आणि नॅनीचा हात डब्यासह बाहेर आला.

पण खरी फजिती पुढंच होती. मरायच्या फाटकाला दार नाही. जमिनीत खड्डा, त्यावर लोखंडी रुळांची जाळी, म्हणजे गुरं आत येत नाहीत. आणि जाळीच्या कडेला सिमेंटचा ओठ. तिथं किंग्जवूडचा सायलेन्सर त्या ओठावर घासला. आवाज असा झाला, की जेवणघराच्या छपरावर काम करणारे खाली बघायला लागले. पाईप सुटला आणि जाळीवर खणखणत लोंबला.

अंकल पिरिपी फाटकातच उभा होता. तो चष्मा काढून पुसायला लागला.

मागच्या सीटवरून आंटी टिलीचा आवाज आला, "क्वीनी, तू नाश्त्याला अंडी दोन खाल्लीस की तीन?"

"माझ्या अंड्यांना नावं ठेवू नको. तुझं लग्न कधी झालं होतं, ते सांग आधी."

राविनिया हसली नाही. ती गाडीखाली गेली, तारेनं पाईप बांधला आणि उठून नॅनीच्या दाराशी आली. नॅनी तोंड पुसत होती.

"नॅनी, माझं चुकलं."

"तुझं नाही. तुला खोटं सांगितलं."

"खोटं कुणी सांगितलं?" मागून तीन आवाज आले.

"कुणी, ते मी म्हटलं का?" नॅनी म्हणाली. "मोको, तुला एक संधी आणखी. पिरिपी, तू शेजारच्या खाडीकडं अजून माणूस पाठवू नको. पाठवलास तर मी चालत येईन. लहानपणी येतच होते."

पिरिपीनं मान हलवली, पण त्याच्या मानेत फारसा विश्वास नव्हता.

त्या संध्याकाळी लोकांनी राविनियाला बरेच सल्ले दिले. कुणी म्हणालं, आंट्यांना दुसऱ्या गाडीत बसव. तिनं त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की तो चहा ओतायला निघून गेला. कुणी म्हणालं, गाडी उंच कर, मूळची होती तशी. आणि तिचा चुलतभाऊ वाका, जो तिच्याबरोबर कौन्सिलच्या ट्रकवर असतो, म्हणाला, "तुझ्या हातात ग्रेडर आहे, ताई. फाटकाशी खडीचा उतार करून टाक. त्या ओठाच्या वर भर घाल. सकाळपर्यंत काम होईल."

"रस्ता मी करणारच," राविनिया म्हणाली. "तो माझा पगार आहे. पण गाडीनं रस्त्यापुढं हात पसरू नये."

दुसऱ्या दिवशी ती तिघींच्या घरी गेली. वजनाचं नाव तिनं काढलं नाही. म्हणाली, "आंटी, उद्या सकाळी शेडमध्ये गाडीत बसायला याल का? गाडी जागची हलणार नाही. फक्त बसायचं. उद्घाटनाच्या दिवशी जे नेणार, ते सगळं बरोबर आणा."

"सगळं?"

"सगळं."

त्या आल्या. काळे कपडे घालून, टोप्या घालून, गळ्यात हिरव्या दगडाचे ताईत. आंटी क्वीनीजवळ तळलेल्या पावांची टोपली. आंटी मेरेआनाजवळ कापडात बांधलेली वाफेवरची पुडिंगं, दगडासारखी जड. आंटी टिलीजवळ तिची पर्स. त्या पर्समध्ये काय असतं ते तिच्या नवऱ्यालाही कधी कळलं नाही.

"पर्स मांडीवर धरू?" टिलीनं विचारलं.

"त्या दिवशी कुठं असणार?"

"मांडीवर."

"मग मांडीवर."

तिघी बसल्या आणि किंग्जवूड सुस्कारा टाकल्यासारखी मागं बसली. नॅनीही आली होती. ती पुढं बसली, कारण तिच्याशिवाय माप पुरं झालं नसतं. राविनियाकडे मानुकाच्या लाकडाची एक सरळ काठी होती. रिकाम्या गाडीला लावून तिनं त्यावर आधीच चाकूनं एक खूण केली होती. आता तिथंच काठी लावून दुसरी केली. मग उठून गाडीभोवती फिरली, गुडघ्यावर बसून खाली वाकली, बोटं घातली, पुन्हा उठली. स्प्रिंगांना जरा हेलकावा द्यावा म्हणून आंट्यांना म्हणाली, "डावीकडं झुका. आता उजवीकडं."

त्या झुकल्या. झुकता झुकता मेरेआनानं गाणं धरलं, मग क्वीनीनं, मग नॅनीनंही. तळलेला पाव निघाला, थर्मासमधला चहा निघाला. लोकरीच्या शेडमध्ये उभ्या गाडीत चार बायका अर्धी सकाळ बसून गात होत्या आणि राविनिया त्यांच्या भोवती काठी घेऊन फिरत होती. मी आयुष्यात पुष्कळ लग्नं पाहिली, पण त्या सकाळइतकं सुंदर काही पाहिलेलं नाही.

निघताना क्वीनीनं हळूच विचारलं, "मग? कितीवर आलं?"

"दोन खुणांमध्ये चार बोटं आणि थोडं," राविनिया म्हणाली.

"म्हणजे किती?"

"म्हणजे चार बोटं आणि थोडं, आंटी."

क्वीनीचा चेहरा खुलला.

नंतर तिनं कारागिराला फोन केला. तुमच्या स्प्रिंगा अमुक इतक्या खाली बसल्या, असं सांगून काठीवरचं माप दिलं. पलीकडं कागदावर पेन्सिल खरडल्याचा आवाज आला. तो हिशेब करत असणार. मग म्हणाला, "अरे बापरे. म्हणजे तुमच्या मागच्या सीटवर प्रत्यक्षात—"

"सांगू नका," राविनिया म्हणाली. "मला ऐकायचं नाही. फक्त स्प्रिंगा बनवा. त्या चौघी बसल्या की दोन बोटं राहिली पाहिजेत."

"पण मग रिकामी असताना गाडी मागून वर दिसेल. खाली बसवलेल्या गाडीचा सगळा रुबाब जाईल."

"रिकामी असताना ती कुणाची गाडी आहे?" ती म्हणाली.

नव्या मागच्या स्प्रिंगा जाड तारेच्या होत्या. बसवल्या आणि कारागीर म्हणाला होता तसंच झालं. रिकामी किंग्जवूड पुढून खाली आणि मागून शेपूट वर करून उभी राहायला लागली, बदकीसारखी. वाकानं तिच्याभोवती फेरी मारली आणि म्हणाला, "ताई, ही पाण्यात डोकं बुडवून मासे पकडतेय काय?"

गिस्बर्नहून तपासनीस आला. खाली केलेल्या गाडीला त्याच्या मंजुरीची पाटी लागते, आणि पाटीशिवाय नॅनीला गाडीत बसवायला राविनिया तयार नव्हती. त्यानं गाडी जॅकवर उचलली, चाकं लोंबकळू दिली आणि प्रत्येक स्प्रिंग हातानं हलवून पाहिली. कापलेली स्प्रिंग असती तर तिथं सैल होऊन खुळखुळली असती. एकही हलली नाही. मागच्या उंचीकडं पाहून त्यानं भुवई वर केली. राविनियानं त्याला काठीवरची दुसरी खूण दाखवली आणि कुणाची ती सांगितलं. तो शांत माणूस होता. म्हणाला, "माझ्या सासूबाईंसाठीही अशी करायला हवी," आणि पाटी ठोकून दिली.

दुसरी चाचणी झाली नाही. नॅनीच म्हणाली, "मला सारखं सारखं पोट तपासायचं नाही. बघू त्याच दिवशी." पिरिपीला ते ऐकून काय झालं असेल, ते त्याच्या चष्म्यालाच ठाऊक.

आदल्या दिवशी राविनियानं ग्रेडर काढला आणि सगळा रस्ता ओढला, खोऱ्याच्या टोकापासून फाटकापर्यंत. फाटकापाशी येऊन तिनं पातं उचललं. सिमेंटचा ओठ होता तसाच ठेवला.

पहाटे अजून तारे होते. नॅनीच्या दाराशी गाडी उभी होती, शेपूट वर करून. नॅनी काळ्या शालीत आली, डोक्यावर हिरव्या पानांची माळ, हातात डबा. ती स्वतः दार उघडून स्वतः बसली. सीट तिच्या गुडघ्यांच्या उंचीला होती, कुणाला उचलावं लागलं नाही. मागं क्वीनी, मेरेआना, टिली. टोपली, पुडिंगं, पर्स. एक एक जण बसत गेली आणि माझ्या पिकअपच्या दिव्यात मी पाहिलं: शेपूट खाली आलं, थोडं आणखी खाली आलं आणि थांबलं. पुढची चाकं आणि मागची चाकं, दोन्हींवर सारखा पत्रा. शेडमधून पहिल्या दिवशी निघाली होती त्याहून देखणी.

मी मागं मागं चाललो. मांगारिमूची वळणं मला पाठ आहेत. कुठं बस हुंदके देते, कुठं मुलं खिडक्या उघडतात, सगळं. पुढच्या गाडीचे दोन तांबडे दिवे त्या वळणांवरून असे जात होते, की जणू कुणी समई हातात धरून घरातून चाललंय. एकदाही कलले नाहीत. ठक् आवाज आला नाही. खिंडीत गाडी थांबेल, दार उघडेल, असं मला वाटत होतं. थांबली नाही. उतारावर खिडकी उघडी होती आणि चौघींचं गाणं मागं येत होतं.

फाटक आलं. अंकल पिरिपी तिथंच उभा, मागं सगळी माणसं, लांबलांबून आलेली, शेजारच्या खाडीतलीसुद्धा. राविनियानं वेग कमी केला नाही आणि वाढवलाही नाही. रुळांच्या जाळीवर चाकं गडगडली, पुढची, मग मागची. सिमेंटच्या ओठावरून पाईप गेला आणि मध्ये दोन बोटं हवा होती. मी त्या दोन बोटांमधून पलीकडचा उजेड पाहिला.

गाडी थांबली. नॅनी हुहाना उतरली, शाल नीट केली, नव्या जेवणघराच्या दाराकडं चालत गेली. उंबऱ्याशी उभी राहिली. मागं तिघी.

आणि मग ती हाक. म्हातारी झाली होती ती, सूर जाडसर झाला होता; पण ती हाक उठली आणि उठतच राहिली, छपरावरून, खिंडीकडं, आत खोऱ्यात, जिथं तिचा नवरा आहे, जिथं एरुएरा आहे. तिघींनी मागून ती धरली. नॅनीनं उंबरा ओलांडला. पिरिपीनं या वेळी चष्मा पुसला नाही. तो काढून हातातच ठेवला.

राविनिया गाडीला टेकून उभी होती. लाल रुमालाची गाठ सोडत होती, बांधत होती. मी तिच्याजवळ गेलो नाही. एका बोटानं नमस्कार केला. तिनं दोन बोटं उचलली.

नंतर न्याहारी, भाषणं, पोरांचा गोंधळ, दुपारपर्यंत जेवणं. गिस्बर्नहून आलेला एक पाहुणा, पिकल्या दाढीचा, स्वतःची गाडी जमिनीला टेकवून आणलेला, किंग्जवूडपाशी घुटमळत होता. रिकामी गाडी पुन्हा शेपूट वर करून उभी. तो राविनियाला म्हणाला, "पुढची बाजू फार छान जमलीय, बाई. मागची तेवढी चुकलीय."

"थोडा वेळ थांबा," राविनिया म्हणाली.

तो थांबला. जेवणं उरकली, आंट्या निघाल्या. क्वीनी बसली, मेरेआना बसली, टिली पर्ससकट बसली. पाव संपलेली टोपली आली, पण तिच्यात आता दुसऱ्यांनी दिलेलं बरंच काही होतं. गाडी खाली आली, आली आणि एका रेषेत थांबली. पाहुणा दाढीवरून हात फिरवत राहिला.

"कुणी वळल्या या स्प्रिंगा?" त्यानं विचारलं.

"ऑकलंडच्या एका माणसानं," राविनिया म्हणाली. मग मागच्या खिडकीकडं हात करून म्हणाली, "माप यांचं."

मागच्या सीटवर तिघी ताठ बसल्या.

शेवटी नॅनी आली. पुढं बसली आणि डबा राविनियाकडं दिला. तोच, आइस्क्रीमचा, सकाळी मांडीवर आणलेला. कोरडा ठणठणीत.

"धर," नॅनी म्हणाली. "आत जा आणि पुडिंग भरून आण. कस्टर्डसकट. घरी खायला."

राविनिया डबा घेऊन नव्या जेवणघरात गेली. उंबऱ्याशी क्षणभर थांबली, मग ओलांडला. परत आली तेव्हा डबा काठोकाठ भरलेला होता आणि झाकण लागत नव्हतं.

"सांडेल," क्वीनी मागून म्हणाली.

"नाही सांडायचं," नॅनी म्हणाली, डबा मांडीवर उघडाच ठेवून. "चल, मोको."